तिच्या बरणीतली मोहरी

लग्नात मला नवऱ्याबरोबर सात वर्षांची मुलगी, सासू आणि एक बरणी मिळाली. बरणी चिनी मातीची, तोंडाला फडकं बांधलेली, कैरीच्या लोणच्यानं गळ्यापर्यंत भरलेली. लोणचं घालणारी माझी सवत. उन्हाळ्यात तिनं ते घातलं आणि मुरायच्या आत तापानं गेली. थंडीत मी आले. साल पंच्याण्णव. कोल्हापुरात पेठेतलं दोन खोल्यांचं घर, आणि हे कागलच्या एमआयडीसीत पाळीवर जायचे.

रिवाजाप्रमाणं सवतीचा टाक माझ्या गळ्यात आला. चांदीचा, त्यावर बाईची आकृती. नवी साडी आधी त्याला दाखवायची, मग नेसायची. ते सगळं मी निमूट केलं. टाकाचं मला काही वाटलं नाही. भीती वाटायची ती बरणीची.

फडकं सोडलं की मोहरीचा झणका थेट डोक्यात जायचा. आमच्या नेसरीकडं आई मोहरी खलबत्त्यात कोरडी कुटायची. सवतीनं ती कैरीला सुटलेल्या खारात पाट्यावर फेसली होती. मुलीला दुसरं काही गोड लागत नव्हतं. माझी भाजी ताटात बाजूला सारायची आणि भाकरी लोणच्याला लावून खायची. माझ्याशी बोलायची नाही. एकदा दुपारी शाळेतून आली, बरणीचं फडकं सोडलं आणि तोंड आत घालून हळू आवाजात म्हणाली, "आज बाईंनी मला मारलं." मी मागं शेगडीपाशी उभी होते. त्या दिवसापासून स्वयंपाकघरात मी एकटी आहे असं मला कधी वाटलं नाही. फोडणीत मोहरी तडतडली की वाटायचं, मागून कुणी तरी बघतंय, हिनं तेल नीट तापवलं का ते.

खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटायचा. मेलेल्या बाईचा हेवा करणारी मीच एक शहाणी.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बरणी अर्ध्याच्या खाली आली. मुलगी रोज वाकून बघायची. एक दिवस म्हणाली, "मावशी, संपल्यावर काय?" आपणहून माझ्याशी बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य.

मग मी चोरून कैऱ्या आणल्या. मुलगी शाळेत, सासू देवळात. खारात मोहरी फेसायला बसले. पहिल्यांदा फार घोटली, कडू झाली, सगळी टाकून दिली. दुसऱ्यांदा नाकाला बरी लागली. माझं लोणचं वेगळं मुरवलं आणि मग रोज एक चमचा तिच्या बरणीत घालायला लागले. माझं तळाला सारायचं, तिच्या फोडी वर आणायच्या. जिभेला कळू नये इतकंच. पोरीसाठी करते, असं मी स्वतःला सांगत होते. पण चमचा आत जाताना मला बरं वाटायचं, हेही खरं. तिची जागा भरत होते की तिला हाकलून देत होते, ते मला आजही सांगता यायचं नाही.

असं दोन वर्षं चाललं. एक दिवस जेवताना सासूनं खाराचं बोट चाटलं आणि तशीच थांबली.

"संपली की गं ती," ती म्हणाली.

"बरणी भरलीय की, आत्याबाई."

"बरणी न्हवं. ती." मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "पोरीला सांगू नगंस. तिला तेवढंच हाय."

मी सांगितलं नाही. मुलगी मोठी झाली. एक बरणी इतकी वर्षं पुरत नाही, हे तिला कळायला लागलं. तेव्हा मी ठोकून दिलं, की तुझ्या आईची रीत आजीनं मला शिकवली, त्याच रीतीनं मी दरसाल घालते. सासूनं समोर बसून मान डोलावली. पुढं सासूही गेली. ह्यांना विचारावं तर लोणचं तिखट की खारट, ह्यापलीकडं ह्यांना काही कळत नाही. ती चव कशी होती, हे सांगणारं घरात कुणी उरलं नाही. मी आठवायला जाते, तर माझंच लोणचं जिभेवर येतं.

मुलीचं लग्न झालं. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली तेव्हा कैऱ्यांचे दिवस होते. वही घेऊन पाट्याशी बसली आणि म्हणाली, "मला आईचं लोणचं शिकव." मी मोहरी फेसायला घेतली. फेस आला तशी ती पुढं वाकली. दोघींच्याही डोळ्यांना पाणी आलं.

"मावशी, खरं सांगू?" ती म्हणाली. "आईचा चेहरा आता आठवत न्हाय मला. फोटोतला तेवढा आठवतो. पण ह्या वासाला ती येतीया. आत्ता आलीया बघ."

वरवंटा माझ्या हातात थांबला. सांगून टाकावं, असं ओठांवर आलं. पाठीमागं बघायचं धाडस मला झालं नाही.

"मोहरी किती घ्यायची?" तिनं पेनाचं टोपण काढलं.

"मूठभर."

"आईची मूठ केवढी होती? आजीनं सांगितलं असंल की तुला."

त्या बाईला मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. मी माझी ओली मूठ तिच्यापुढं धरली.

"एवढी," मी म्हणाले.

तिनं माझ्या मुठीला आपली मूठ लावून बघितली आणि वहीत लिहून घेतलं.