चामड्याच्या रिंगा

घाटकोपरच्या शेठने मला फसवलं. मी मागितला तो भाव त्याने दिला!

नाहूरमध्ये एका ब्रशवर सुरुवात करून मी रंगकामाचा कंत्राटदार झालो, तो घासाघीस करूनच. कोथिंबिरीवर मिरच्या फुकट उचलल्याशिवाय मी हातगाडी सोडत नाही. (बायको अशा वेळी चार दुकानं पुढे जाऊन उभी राहते, ओळख नसल्यासारखी.)

तर माझ्या रंग उडवायच्या मशीनच्या पंपाचं पॅकिंग गेलं. म्हणजे दांडा वर-खाली होताना रंग बाहेर गळू नये म्हणून त्याच्याभोवती ज्या रिंगा असतात, त्या झिजल्या. आणि रविवारी पाच वाजता चेंबूरचे परब सहकुटुंब आमच्याकडे येणार होते. आमच्या मानसीने पसंत केलेल्या मुलाचे वडील! रंगवाल्याच्याच घराचं छत कळकट दिसलं तर काय तोंड दाखवायचं?

शेठने नवीन सेट पुढे ठेवला. "एक रिंग प्लॅस्टिकची, एक चामड्याची, असाच येतो भाऊ. प्लॅस्टिक प्रेशर झेलतं, चामडं तेल पिऊन बसतं. दांडा मऊ चालतो."

"मला काय चप्पल शिवायचीय? चामडं काढ, सगळ्या प्लॅस्टिकच्या दे, आणि भाव उतरव."

"मग नंतर बोलू नका हां."

"उतरवतोस की जाऊ?"

"घ्या."

एवढ्या पटकन! तिथेच संशय यायला हवा होता. पण मी जिंकलो होतो ना!

रविवारी अर्धं छत झकास झालं. मग पंपाच्या मानेतून रंग ठिबकू लागला.

माझा मेव्हणा दिलीप माझ्याकडेच कामाला आहे. तो म्हणाला, "भावोजी, रिंगा कोरड्या चालतायत. मशीन थांबवू, तेल घालू."

"वेळ आहे का? नट आवळ!"

आवळला. गळती थांबली. मी दिल्याकडे असं पाहिलं, जणू पंपाचा शोध मीच लावला! दहा मिनिटांत दुप्पट गळती.

"आणखी आवळ!"

"अहो, जेवढं आवळाल तेवढा दांडा रिंगा खातोय!"

"मशीन तुझं की माझं?" म्हणत मी पाना हिसकावला आणि सगळा जीव लावून नट पिळला. पंप कण्हला. रंगाच्या बंदुकीतून छतावर पट्टे उमटू लागले, झेब्र्यासारखे. आणि मानेतून जे कारंजं उडालं, ते थेट नवी साडी नेसून बाहेर आलेल्या बायकोवर!

"अहो, मी काय छत आहे?"

तेवढ्यात बेल वाजली.

परबांनी चपला काढल्या, छताकडे पाहिलं, अर्ध्या पांढऱ्या विहीणबाईंना नमस्कार केला आणि थेट पंपापाशी उकिडवे बसले. (माणसाची उभी हयात कारखान्यात पंप दुरुस्त करण्यात गेलेली. हे मला कोणी सांगितलं होतं?) त्यांनी नट सोडवला, जळकी रिंग चिमटीत धरली.

"यात चामडं कुठाय?"

दिल्या छताकडे बघू लागला. मानसी माझ्याकडे.

"दुकानदाराने फसवलं," मी म्हणालो.

"असं कसं फसवलं? उद्या मी येतो तुमच्याबरोबर. जाब विचारू!"

मी पाठ दुखते म्हणालो, दुकान बंद असेल म्हणालो. पण मानसी गोड आवाजात म्हणाली, "बाबा, जा ना."

दुसऱ्या दिवशी घाटकोपरला परबांनी काउंटरवर थाप मारली. "या माणसाला चामडं का नाही दिलं?"

शेठने मला ओळखलं. "भाऊ, चप्पल शिवायचीय का म्हणालात ना?"

परब इतके हसले की शेठने त्यांना पाणी दिलं. मग त्यांनी चामड्यासकट पूर्ण सेट घेतला. सांगितल्या भावात! माझ्या डोळ्यांदेखत!

लग्न ठरलं, पण परबांच्या एका अटीवर: खरेदी ते करणार, मी घरी बसणार. काल मांडववाल्याने पहिला आकडा सांगितला आणि ते 'बरं' म्हणाले. 'बरं'!

मी भाव पाडतो, तो माझा स्वभाव झाला. पण शेठ, तू तर जाणकार माणूस! तू माझं ऐकलंस का? याचं उत्तर मला मिळालंच पाहिजे. (विचारायला मी एकटा येईन. परबांना कळवू नकोस.)