टलक यांचा चहा

इशबेल रेनीने रसायनशास्त्राची पदवी घेतली होती, पण रमली ती स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना भरवण्यात. पदवीधरांच्या नर्सिंग कोर्सने तिला गेल्या वर्षी नकार दिला होता. यंदा मुलाखतीला निघाली तेव्हा मैत्रीण म्हणाली, "किती पांढरी पडलीस गं! नर्स राहू दे, तुलाच खाटेवर घेतील."

या कोर्सच्या मुलाखतीला प्राध्यापिकेच्या शेजारी एक पेशंटही बसतो. त्या दिवशी कंपवात झालेले मिस्टर टलक होते. त्यांनी कप उचलला, चहा हिंदकळला. घाबरून बधिर झालेल्या इशबेलचा हात सवयीने पुढे गेला आणि तिने कप थेट त्यांच्या ओठांना लावला.

"मी मदत मागितली होती का, पोरी?"

प्राध्यापिकेने काहीतरी लिहून घेतलं. इशबेलने कप खाली ठेवला.

"चुकलं, मिस्टर टलक. आधी विचारायला हवं होतं. धरू का?"

"नको."

त्यांनी पुन्हा कप उचलला. चहा बशीत, बाहीवर सांडत राहिला. इशबेलने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

कप रिकामा करून ते प्राध्यापिकेकडे वळले. "हिला शिकवता येईल. विचारा आता तुमचे प्रश्न."