उपटलेलं मूळ

विहिरीवर नवी मोटार बसली त्या साली मला अडुसष्ट पुरी झाली होती. सून वत्सलाने मुरमाड माळावर शेळ्यांसाठी स्टायलो नावाचा चारा पेरला होता. काडीसारखा दिसायचा. आता पाणी मुबलक होतं, तेव्हा त्यावर उद्या नांगर घालून शेजारचा माझा लसूणघास, गुरांचा हिरवा चारा, तिथवर वाढवायचा, असं मी ठरवलं. लसूणघासाचं मूळ कसं, अंगठ्याएवढं!

तिच्यासमोरच मी स्टायलोचं एक झाड हिसका देऊन उपटलं. हातात बोटभर, बोडकं मूळ आलं.

"बघ. हे जमिनीतून काय खाणार?"

"आबा, केस तोडायचे नि टकली म्हणायचं, असं झालं हे." तिने खुरप्याने दुसरं झाड ढेकळासकट खणलं आणि बादलीत हलकेच हलवलं. माती सुटली, तशा केसासारख्या मुळ्या पाण्यात पसरल्या.

मी बघत बसलो. जाड मूळ खोल जाऊन पाणी आणतं खरं, पण मुरमातला कणभर कस गोळा करायला बारीक मुळ्याच लागतात. माझा लसूणघास माळाच्या कडेला पिवळा का पडतो, ते तेव्हा दिसलं. माणसंही मी जन्मभर हिसका देऊनच पारखली. जे तुटून आत राहिलं, ते नव्हतंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नांगर गोठ्यामागे ठेवला, लसूणघासाची पिवळी कड खणली आणि वत्सलाकडे मूठभर स्टायलोचं बी मागितलं.