ध्रुवाचीही रेघ

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. आम्ही बोरिवलीला राहायचो. धाकट्या वन्सं लग्नानंतर थोड्याच महिन्यांत विधवा होऊन माहेरी आल्या होत्या. कॉलेज लग्नासाठी मधेच सुटलेलं. बोलायच्या कमी, वाचायच्या फार.

तारे फिरतात त्याच्या रेघा फोटोत उमटतात, असं त्यांनी कुठंतरी वाचलं. ह्यांच्याकडे घडीचा कॅमेरा होता. थंडीत, अमावास्येच्या सुमारास, आम्ही दोघींनी तो विहिरीच्या कठड्यावर ठेवला, खाली विटा लावून तोंड उत्तरेकडे वर केलं. आपल्याकडे ध्रुव फार उंच नसतो; ताडांच्या शेंड्यांवर जेमतेम दिसतो. वन्संनी कॅमेऱ्याची झडप उघडी राहील अशी अडकवली आणि आम्ही शाली पांघरून पायरीवर बसलो. पहाटेच्या आधी दवानं काच धुरकटायला लागली, तेव्हा त्यांनी झडप बंद केली.

पार्ल्याच्या स्टुडिओवाल्यानं फिल्म धुतली, पण तो फोटो छापलाच नाही. निगेटिव्हवर ओरखडे आलेत, असं त्यानं ह्यांना सांगितलं. वन्सं स्वतः गेल्या आणि ते ओरखडेच मोठे करून छापून घेऊन आल्या.

सासूबाईंनी फोटो दिव्याखाली धरला. एकात एक गोलाकार रेघा, खालून ताडांनी कापलेल्या. मधोमध एक आखूड, जाडसर रेघ होती. ती कशाची, असं त्यांनी विचारलं.

"ध्रुव आहे तो," वन्सं म्हणाल्या.

"म्हणजे तोही हलतो?"

"थोडासा. नुसत्या डोळ्यांना कळत नाही."

लग्नात मलाही ध्रुव दाखवला होता, वन्संनाही. दोघींनाही त्याच्यासारखं अढळ राहायला सांगितलं होतं. ते त्या क्षणी तिघींनाही आठवलं असावं.

"मग तू तरी किती दिवस एका जागी बसणार?" सासूबाई एवढंच म्हणाल्या आणि फोटो परत दिला.

जूनमध्ये वन्संनी पुन्हा कॉलेजात नाव घातलं. ते फोटोमुळे झालं असं मी म्हणणार नाही; ह्यांचाही त्यासाठी आग्रह चाललाच होता. पण तोवर विरोध होता तो सासूबाईंचा, आणि त्या दिवसानंतर त्यांनी तो केला नाही. पदवी झाल्यावर वन्सं मुलुंडच्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागल्या आणि तिथंच खोली घेऊन राहिल्या.