कणी मोजणारा कॅमेरा

आमच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या घरात संगणक होता, इंटरनेट नव्हतं. रायपूर राजधानी झालं होतं, पण ते राजधानीपण आमच्या गल्लीत अजून शिरलं नव्हतं. म्हणून ती लायब्ररी मी सायबर कॅफेतून सीडीवर उतरवून आणली. लायब्ररी म्हणजे संगणकाला चित्रातल्या वस्तू ओळखायला लावणाऱ्या तयार प्रोग्रामांचा गठ्ठा. मला तिच्याकडून एकच काम हवं होतं. ताटलीतल्या तांदळात अख्खे दाणे किती आणि कणी किती, तेवढं तिनं मोजावं.

हेच काम बाबा अभनपूरच्या एका राइस मिलमध्ये नजरेनं करत. आयुष्यभर केलं. अलीकडे मात्र त्यांचे अंदाज चुकू लागले होते आणि मालकानं दोनदा टोकलं होतं. तिसऱ्यांदा चुकलं की घरी बसवणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. डोळे दाखवून या म्हटलं की बाबा चिडत. मग मीही हट्टाला पेटले, की तुम्ही डॉक्टरकडे जात नाही तर मी मशीनच बसवते. मशीनले काय तांदूळ कळते, म्हणून त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

ती लायब्ररी बसवणं म्हणजे डोक्याला ताप. एक फाइल सापडत नाही असा संदेश यायचा, ती दिली की दुसरी सापडायची नाही. चार संध्याकाळी त्यातच गेल्या. अखेर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी संगणकाला जोडलेल्या छोट्या कॅमेऱ्यातून पडद्यावर ताटली दिसली, दाण्यांभोवती हिरव्या रेषा उमटल्या आणि मी एकटीच हसत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तो सगळं लालसर, धूसर. एकही दाणा सापडेना. या लायब्ररीत लाल-निळ्या रंगांचा क्रम उलटा असतो असं वाचलं होतं, म्हणून मी दोष तिथेच शोधत राहिले. सगळं काढून पुन्हा बसवलं, तरी तेच. शेवटी वैतागून कॅमेरा हातात घेतला, तर भिंगावर कुंकवाचं ठसठशीत बोट.

खंडेनवमीला आमच्याकडे कामाच्या हत्यारांची पूजा असते. बाबा दरवर्षी पोत्यातून नमुना काढायची परखी पुजत. यंदा सकाळी तिच्या शेजारी त्यांनी माझा कॅमेराही मांडला होता.

"बाबा, काच दिसली नाही का तुम्हाले?" मी जवळजवळ ओरडलेच.

बाबा परखीवरचं फूल सरळ करत राहिले.

"नाही दिसली," ते म्हणाले. "दोन महिन्यांपासून मिलमंधी बी दाणे चिमटीत चाचपूनच अंदाज घेऊन राहिलो."

माझा राग तिथेच विरला, आणि ओरडल्याची फार लाज वाटली. मशीनची तर तुम्ही थट्टा करत होता, मग पुजली कशाला, असं मी हळूच विचारलं.

"तिले दिसलं असतं, तं माह्या डोळ्यांचं कोणाले कळलं नसतं, पोट्टे. म्हणून पुजली."