भांडून केलेली पूजा

आमच्या घरात हट्ट कुणाला बाहेरून आणावा लागला नाही. आईकडे तर तो दोन पिढ्यांना पुरून उरेल एवढा होता. पटकीच्या साथीत माझा धाकटा भाऊ गेला, त्या पावसाळ्यात या हट्टापायी तीही जाते की काय, अशी पाळी आली होती.

आम्ही मानवतचे लिंगायत. वडिलांचं सरकी-ढेपेचं दुकान होतं. घरात सगळ्यांच्या गळ्यात लिंग. मूल जन्मलं की त्याला लिंग बांधायचं, आणि माणूस गेलं की त्याला बसवून, तेच लिंग त्याच्या तळहातावर ठेवून मातीआड करायचं. भावाच्या लिंगाचा दोरा, शिवदारा, आईने स्वतः सूत काढून वळला होता. तो दोरा, ते लिंग आणि आदल्या दिवसापर्यंत अंगणात हुंदडणारं ते पोर, सगळं तिच्या डोळ्यांसमोर मातीत गेलं.

आमच्यात सुतक पाळत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी आंघोळ करायची, भस्म लावायचं, लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच तोंडात घास घालायचा. शेजारणी म्हणायच्या, "तुमचं बरं हाय बाई, तुमाला सुतक न्हाई." काय बरं होतं, ते त्यांनाच ठाऊक. इतरांना निदान काही दिवस देवापासून सुट्टी मिळते. आम्हाला दुसऱ्याच दिवशी त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं.

आईने बघितलं नाही. गळ्यातलं लिंग तिने काढलं नाही, पण वस्त्रातून सोडलंही नाही. आणि पूजा नाही म्हणून जेवणही नाही. आम्ही रडून गोंधळ घातला की घोटभर पाणी प्यायची, तेवढंच.

वडील म्हणाले, "पूजा ऱ्हाऊ दे, पण दोन घास खा."

"पूजेबिगर कशी खाऊ? मी काय धरम सोडलाय?"

"मग पूजा कर."

"त्याचं तोंड बघू वाटत न्हाई मला."

वडील टोपी घालून दुकानात निघून गेले. त्यांना बाजारातले भले भले आडते हार जायचे, पण घरात आईपुढे ते हरले. मला तर आईचा संतापच आला होता. भाऊ गेला तो गेला, आता ही आम्हाला पोरकं करायला निघाली, असं वाटायचं. मी उगीच भांडी आपटायची.

वडिलांनी मठातल्या स्वामींना बोलावलं. ते भले गृहस्थ होते. आलेला प्रत्येक जण जाणारच, हे त्यांनी शांतपणे समजावलं. आईने सगळं ऐकून घेतलं, पाया पडली, त्यांना पोटभर जेवू घातलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून निजली. तिचा आवाज आता खोल गेला होता.

मग पाथरीहून आत्या आली. वडिलांची थोरली बहीण; नवरा आणि दोन लेकरं पुरून बसलेली बाई. काळ्या चिखलात बैलगाडी रुतली म्हणून अर्धी वाट चालतच आली होती. पाय धुतले आणि थेट आईजवळ बसली.

"रुसलीस व्हय त्याच्यावर?"

आईने पदर तोंडावर ओढला.

"मग त्याला बोल की. मनातल्या मनात काय धुमसायलीस? पूजंला बसून शिव्या द्यायच्या न्हाईत, असं कुठं लिहिलंय?"

तिने आईला उठवून बसवलं, न्हाऊ घातलं, कपाळाला भस्म लावलं. स्वतःच वस्त्र सोडून लिंग आईच्या तळहातावर ठेवलं. आईने त्याच्याकडे बघितलं. मग तिला तोंड फुटलं.

"मेल्या, तुझ्या लेकाचं मुंडकं तूच उडिवलंस, तर बायकू रडली म्हणून हत्तीचं आणून लावलंस. मी काय कमी रडले? माझ्या लेकराच्या टायमाला तुला काय बी घावलं न्हाई? हत्तीचं नसंल, शेळीचं तरी लावायचं व्हतंस!"

मी दाराशी गोठून उभी होते. आत्याचा चेहरा मात्र ढिम्म.

"शेळीचं नगं बाई," ती म्हणाली. "हरभऱ्याचं सगळं रान खाऊन बसला असता."

"तसं बी खातच व्हता की त्यो, वन्सं!" आई म्हणाली, आणि तिला हसू फुटलं.

खरंच खायचा तो. हिरव्या हरभऱ्याचे ढाळे चोरून आणायचा आणि आंबट ओठांनी 'खाल्ले नाहीत' म्हणून शपथा घ्यायचा. मी हसले, आत्या हसली. हसता हसता आईने जो हंबरडा फोडला, तो भाऊ गेला त्या दिवशीही फोडला नव्हता. आत्याने तिला धरून ठेवलं. हातावरचं लिंग आईने खाली पडू दिलं नाही. रडं ओसरल्यावर तिने त्याच्यावर पाणी घातलं, बेल वाहिला आणि ज्वारीची भाकरी दुधात कालवून खाल्ली.

तेव्हापासून आईची पूजा अशीच. रोज सकाळी आधी भांडण, मग बेल. क्षमा तिने केली नाही. पण पुन्हा ती खळखळून हसायला लागली, सणाला पुरणपोळ्या लाटू लागली, आणि हिरवा हरभरा घरात आला की भावाच्या चोऱ्या आम्हाला रंगवून सांगायची. सांगताना डोळे पुसायची, पण सांगायचं थांबवत नसे.

निजामी संपायच्या आधीच्या हिवाळ्यात आई गेली. मी पूर्णेला नांदत होते; निरोप मिळताच रेल्वेने आले. आईला बसवलं होतं, लिंग तळहातावर होतं. आत्या आता वाकली होती. तिने एक हिरवा ढाळा आईच्या ओटीत ठेवला आणि कानाशी जाऊन म्हणाली, "लेकराला दे. आन् देव आता समोरच हाय. भांड चांगली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून बसले. लिंग हातावर घेतलं. बघवेना. आत्या चुलीपुढे भाकरी थापत होती, माझ्याकडे न बघता.

"मेल्या," मी म्हणाले.

आत्याने भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्यासाठी ताट घेतलं.