बकुळाने दाखवलेला खडक

तुमची हक्काची जागा परक्या माणसाला खरी सांगाल का? छातीवर हात ठेवून बोला. पूर्णगडच्या बकुळाने नाही सांगितली.

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवरची कालवं काढून विकणं हा तिचा धंदा. आपला खडक सख्ख्या बहिणीलाही दाखवायचा नाही, ही तिथल्या बायांची रीत. सासूने सुनेच्या कानात सांगायची ती गोष्ट.

एकोणीसशे चौतीस साली बकुळाच्या खडकावरची कालवं मरायला लागली. शिंपले आपोआप उघडत, आत पाणचट, पिवळं मांस. तिने मुकाट्याने तिथे जाणं सोडलं. तेवढ्यात मुंबईहून एक सरकारी माणूस वही घेऊन आला.

"कालवांची नाडी बघायला वैद्य आला गो!" बाया फिदीफिदी हसल्या.

तो हसला नाही. "कुठली कालवं आजारी आहेत ते कळलं, तर सगळ्यांना कळवता येईल. कुणी खाणार नाही."

बकुळाच्या मनात आलं, कालवं पुन्हा धरली की सगळ्याजणी माझ्याच खडकावर. तिने बेधडक उत्तरेकडचा खडक दाखवला. तिच्या मते तिकडे कुणी फिरकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी चावडीवर तसा कागद लागला.

तो खडक शेजारच्या मैनेचा होता. मैनेनेही तो कुणाला सांगितला नव्हता. कागद वाचून घेतल्यावर तिने आपली चांगली कालवं सोडली, नवा खडक शोधला आणि नेमकी बकुळाच्या खडकावर पोचली. तिथली मिटलेली, वरून बरी दिसणारी कालवं तिने बाळंतपणाला आलेल्या लेकीला, गोदाला, रांधून घातली.

तीन दिवस गोदा ओकत होती. डोळे आत गेले. पोटातलं मूल हलेना.

बकुळा पेजेचं भांडं घेऊन गेली. मैना म्हणाली, "कागदावर नव्हता गो तो खडक. मी विचारून घेतलं होतं."

"मैने, तो माझा. मी खोटा दाखवला."

मैनेने भांडं उचलून उंबऱ्याबाहेर ठेवलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

गोदा वाचली, मूल गेलं. बकुळा रत्नागिरीपर्यंत चालत गेली, तिथे मुक्कामाला असलेल्या त्या सरकारी माणसाला गाठलं, खरा खडक लिहून घ्यायला लावला. वहीतली ओळ त्याने खोडली. पण परतताना मैनेच्या दारावरून जायची हिंमत झाली नाही, ती पुळणीच्या वाळूवरून वळसा घालून घरी आली. पुढे कायम तीच वाट.

तुमच्या किनाऱ्यावर कालवं मेलेली दिसली, मासे पोट वर करून आले, तर लपवू नका. विचारायला येईल त्याला जागा खरी सांगा, आणि आधी शेजारणीला सांगा.